पिशवी काढण्यापूर्वी

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्हांस ओमानमधील सोहार येथे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. मॉरिशसहून दुबईपर्यंत विमान, पुढे मोटार. हत्ताची सीमा ओलांडून उघडेबोडके डोंगर मागे टाकले की रस्ता समुद्राच्या बाजूस उतरतो आणि सोहार येते. दर्यावर्दी सिंदबाद येथलाच, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. जवळच्या डोंगरांतील तांबे पुरातन काळी या किनाऱ्यावरून दूरदेशी जात असे. आता तांब्याच्या जागी अॅल्युमिनियम आहे, पोलाद आहे, खनिज तेल आहे. ओमान सरकार आणि हॉलंडमधील रॉटरडॅम बंदर यांनी मिळून 2002 साली येथे बंदर उभे केले, 2008 साली अॅल्युमिनियमची भट्टी पेटली, आणि औद्योगिक वसाहत आसपास पसरत गेली. रात्री गच्चीवरून पाहिले तर दिव्यांची रांग संपत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण निराळे आहे. या दिव्यांच्या उजेडात आपली मराठी माणसे काम करतात. कोणी सांगलीचा वेल्डर, कोणी भुसावळचा वीजतंत्री, कोणी नगरकडचा क्रेनचालक. ज्यांना कुटुंब आणण्याची परवानगी मिळते ते फलज अल कबाइल आणि आसपासच्या वस्तीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड करतात. अशाच एका बिऱ्हाडात आम्ही उतरलो होतो. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वेळी आम्ही काही महिने पुण्यास होतो, तेव्हा ज्यांच्या घरी राहिलो त्या काकूंची ही धाकटी लेक. तिला आम्ही आजही धाकटीच म्हणतो, ती आम्हांस ताई म्हणते. धाकटी आता त्रेचाळीस वर्षांची आहे. तिचे यजमान एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत.

आजचा विषय नाजूक आहे. या पानावर सण, नाटक, शाळा यांविषयी आपण वाचता. पाळीविषयी लिहावे की नाही याचा आम्ही बराच विचार केला. परंतु धाकटीने स्वतःच सांगितले, "ताई, माझे नाव नको, पण लिहाच." तेव्हा लिहीत आहोत. पुरुष वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. निर्णयाच्या वेळी दवाखान्यात सही त्यांचीही मागतात.

धाकटीला दोन वर्षांपासून अंगावरून फार जात होते. पाळी सात-आठ दिवस, त्यातले तीन दिवस तर घराबाहेर पडण्याची सोय नाही. रात्री दोनदा उठून कपडे बदलायचे, पहाटे चादर धुवायची, मुलांना कळू द्यायचे नाही. जिना चढताना धाप लागे. आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटलेली: तिला बर्फ चघळण्याचा नाद लागला होता. फ्रीजमधला बर्फाचा साचा दिवसातून दोनदा रिकामा होई. घरचे हसत, ओमानचा उन्हाळा आहे, बर्फ खाणारच. थकव्याचेही खापर उन्हावरच. शरीरातील लोह फार कमी झाले की पुष्कळांना बर्फ, माती, कच्चे तांदूळ असे काहीतरी खाण्याची ओढ लागते, हे तिला फार उशिरा समजले.

तिने कोणास सांगितले नाही. येथे आम्ही तिला दोष देत नाही. आम्ही स्वतः वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून शिकवीत आहोत. महिन्यातले काही दिवस शिक्षिका गडद रंगाचीच साडी का नेसते आणि तास संपला तरी खुर्चीवरून का उठत नाही, हे दुसऱ्या शिक्षिकेस न सांगता कळते. आमच्या आईच्या पिढीत "कावळा शिवला" म्हणत, आमच्या पिढीत "अडचण आहे" म्हणतात. शब्द बदलला, पण किती जाते आणि किती दिवस जाते हे बोलण्याची रीत काही पडली नाही.

मागच्या जुलैत यजमानांची वार्षिक रजा आली. तीस दिवस. परदेशात राहणाऱ्या माणसाची रजा म्हणजे काय असते, हे ज्याने भोगले त्यासच ठाऊक. सासर, माहेर, एक लग्न, बँकेचे काम, घराच्या छपराचे काम, मुलांचे दात आणि वर्षभर साठविलेली सगळी दुखणी त्याच तीस दिवसांत बसवायची. सोहारला परदेशी कामगारांच्या कुटुंबांस बहुधा खासगी दवाखान्यांतच जावे लागते, आणि कारखान्याचा विमा पुष्कळदा फक्त कामगाराचाच असतो. म्हणून बायका "गावी गेल्यावर बघू" म्हणतात. धाकटीनेही तसेच म्हटले होते.

गावाकडच्या दवाखान्यात तिला तपासायला, तिच्या म्हणण्याप्रमाणे, शाळेची हजेरी घेण्याइतकाही वेळ लागला नाही. "चाळिशी झाली, दोन मुले झाली, आता त्या पिशवीचा उपयोग काय? काढून टाका, कायमची कटकट जाईल. पुढे कॅन्सर झाला तर?" शनिवारची तारीखही ठरली. यजमानांनी हिशोब केला: शनिवारी ऑपरेशन, पंधरा दिवस विश्रांती, मग विमान. बसत होते. सासूबाईंनाही पटले, त्यांची स्वतःची पिशवी छत्तिसाव्या वर्षीच काढलेली होती.

ऑपरेशन झाले नाही, ते कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा निघाले. बाईमाणसाला ते बाराच्या आसपास हवे. आधी रक्त चढवावे लागेल, मग पाहू, असे ठरले, आणि तेवढ्यात रजा संपली. धाकटी साडेसहा हिमोग्लोबिन आणि अर्धवट फाईल घेऊन सोहारला परतली.

तिच्याकडून हे ऐकताना आम्हांस राहून राहून बीड जिल्ह्याची आठवण येत होती. महाराष्ट्रातील वाचकांस हे प्रकरण ठाऊक असेल, आमच्या बेटावर फार थोड्यांस ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

बीडहून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता परततात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथे "एक कोयता" म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल सहा महिने राबून फेडायची. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या, उघड्यावर राहणाऱ्या, पाणी विकत वा दुरून आणणाऱ्या बाईला महिन्याची पाळी म्हणजे खाडा. पांढरे जाते, पोट दुखते, रक्त फार जाते, अशा तक्रारी घेऊन ती गावी परतल्यावर दवाखान्यात गेली की तिलाही तेच उत्तर मिळे: पिशवी काढून टाका. तिलाही कॅन्सरचे भय दाखविले जाई. आणि तिलाही हिशोब करावा लागे, की हंगाम सुरू होण्यापूर्वी ऑपरेशन बसते काय.

2019 साली हे विधिमंडळात गाजले. तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात 4,605 गर्भाशये काढली गेली, असे आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणीस जाणाऱ्या 82,309 महिलांची पाहणी झाली; त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सुमारे सहाजणींत एक. साऱ्या भारताचा आकडा शेजारी ठेवून पाहा: 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांत साधारण तिघींचीच पिशवी काढलेली आढळली. कारण विचारता निम्म्याहून अधिक जणींनी अति रक्तस्राव किंवा पाळीतील वेदना हेच सांगितले. त्यानंतर बीडमध्ये खासगी डॉक्टरांनी असे ऑपरेशन करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम झाला. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांवर देखरेखीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सांगितले.

सोहारची धाकटी आणि बीडची ऊसतोडणी करणारी बाई यांची तुलना करणे कोणास रुचणार नाही. एकीकडे वातानुकूलित बिऱ्हाड, दुसरीकडे पाचटाची खोपी. पण दोघींच्या पोटाचा निर्णय दुखण्याने घेतला नाही, कामाच्या पंचांगाने घेतला. एकीची रजा, दुसरीचा हंगाम. आणि दोघींनाही एक साधी गोष्ट कोणी सांगितली नाही: फार रक्त जाणे आणि पिशवी काढणे या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत.

त्या पायऱ्या धाकटीस सोहारमध्येच सापडल्या. ऑगस्टमध्ये शेजारणीच्या आग्रहाने ती तेथील एका मल्याळी डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पहिल्या दिवशी औषधापेक्षा प्रश्नच जास्त दिले. किती दिवस जाते? घड्या किती बदलता? गाठी पडतात का, केवढ्या? धाकटी म्हणते, "मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मोजायला सांगितले."

आम्ही तेथे असताना एका शुक्रवारी दुपारी इमारतीतल्या सात-आठ बायका चहाला जमल्या. शुक्रवार हा तेथील सुट्टीचा दिवस. गप्पा निघता निघता हाच विषय निघाला, आणि "ताई मास्तरीण आहेत, त्या समजावून सांगतील" म्हणून मुलांचा पांढरा फळा आमच्यापुढे आणून ठेवला. प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. ते सूत्र इतक्या वर्षांनी असे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी धाकटीस जे सांगितले आणि नंतर आम्ही स्वतः जे वाचून पडताळले, ते फळ्यावर मांडले. तेच येथे देतो.

मातीचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सारवण ठाऊक आहे. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर दर महिन्यास असेच एक मऊ अस्तर चढते. गर्भ राहिला नाही की ते सुटून रक्तासह बाहेर येते, ती पाळी. पुढच्या महिन्यास खालच्या मूळ थरातून नवे अस्तर उगवते. एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ऐंशीच्या वर गेले तर जास्त, असे पूर्वी पुस्तकात लिहीत. पण घरी कोण मापटे घेऊन बसणार? म्हणून आता डॉक्टर असे विचारतात: एक-दोन तासांतच पॅड भिजते काय? सात दिवसांच्या वर जाते काय? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात काय? रात्री उठावे लागते काय? पाळीच्या भीतीने तुम्ही घराबाहेर पडणे टाळता काय? एकाचेही उत्तर होय असेल तर तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन पाहणे तर सर्वांत सोपे. 2019 ते 2021 च्या पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांत चोपन्न जणींच्या अंगी रक्त कमी निघाले आहे. तेव्हा "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांनीही तपासावे.

मग कारण शोधायचे. आत मोड आलेला असतो, भिंतीत गाठ असते, अस्तर भिंतीतच शिरलेले असते, थायरॉईड बिघडलेले असते, रक्त गोठण्यातच दोष असतो, चाळिशीनंतर बीजकोशाचा ताल चुकतो. आणि क्वचित कर्करोगही असतो. म्हणून सोनोग्राफी, आणि डॉक्टरांस जरूर वाटल्यास आतल्या अस्तराचा कणभर तुकडा काढून तपासणे. धाकटीचा तुकडा निर्दोष निघाला. गाठही नव्हती. तिला ज्या कॅन्सरचे भय घातले होते, त्याचा निकाल असा एका छोट्याशा तपासणीत लागला.

पहिली पायरी गोळ्यांची. त्यातल्या एका गोळीची कथा आम्ही मुद्दाम सांगितली, कारण ती आम्हांस फार आवडते. ट्रानेक्झॅमिक आम्ल हे औषध जपानमध्ये 1960 च्या दशकाच्या आरंभी डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधले. युद्धानंतरचा काळ, प्रयोगशाळेत पैसा नाही. रक्तावर संशोधन करायचे त्यांनी ठरविले, कारण रक्त कमी पडले तर आपलेच काढता येईल! ही गोळी फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायची, रक्त बरेच कमी होते. मात्र ज्यांस पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल त्यांनी डॉक्टरांस सांगितल्याखेरीज घेऊ नये.

दुसरी पायरी म्हणजे संप्रेरक सोडणारा छोटा ताम्बीसारखा तुकडा, जो गर्भाशयात बसवितात. फिनलंडमध्ये 1990 पासून तो वापरात आला. त्यातून रोज अत्यल्प औषध अस्तरावरच झिरपते, अस्तर पातळ राहते. पहिले काही महिने थोडे थोडे लाल दिसत राहते, तेवढा धीर धरावा लागतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शनात, आत मोठी गाठ नसलेल्या स्त्रियांसाठी, हाच पहिला उपाय म्हणून सुचविला आहे. धाकटीस डॉक्टरीणबाईंनी हाच आधी सुचविला होता. परंतु तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर बसविलेल्या तांबीने तिला इतका त्रास झाला होता, की ही निराळी आहे असे दोनदा समजावूनही तिचे मन होईना. बाईंनी जबरदस्ती केली नाही.

तिसरी पायरी, जी ऐकून त्या शुक्रवारी चहा गार झाला, ती अस्तर जाळण्याची. पोटावर चीर नाही, टाका नाही. खालच्या वाटेने, गर्भाशयाच्या मुखातून एक बारीक नळी आत घालतात. कल्पना जुनी आहे. 1937 साली जर्मनीत विजेच्या लहरींनी असा प्रयत्न झाला होता. 1981 साली अमेरिकेत डॉ. गोल्ड्रॅथ यांनी दुर्बिणीतून लेसर किरण सोडून अस्तर जाळले. पण त्याला फार सरावलेला हात लागे. सोपी वाट 1997 च्या सुमारास निघाली: एक मऊ फुगा आत सोडायचा, त्यात साखरपाणी भरायचे आणि ते सत्त्याऐंशी अंश सेल्सियसपर्यंत तापवून आठ मिनिटे ठेवायचे. चहाला आधण येण्याच्या अलीकडची ही उष्णता. तेवढ्याने अस्तराचा मूळ थर शिजून जातो आणि पुन्हा पूर्वीसारखा उगवत नाही. 2001 साली दुसरे यंत्र आले. त्यात फुग्याऐवजी त्रिकोणी पंख्यासारखी उघडणारी जाळी असते, ती भिंतींना टेकते आणि विजेच्या लहरींनी दीड-दोन मिनिटांत काम उरकते. बाईला थोडी भूल देतात, ती संध्याकाळी घरी जाते.

"एवढेच?" असे त्या दिवशी तिघी एकदम म्हणाल्या. एवढेच नाही. या पद्धतीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्हीही त्या घाईच्या डॉक्टरांच्या पंक्तीत बसू.

ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांच्यासाठी ही नव्हे, मुळीच नव्हे. अस्तर जळाले तरी दिवस राहू शकतात, आणि तसा गर्भ आईच्या जिवास धोका ठरू शकतो. म्हणून नंतरही संततिनियमनाचा पक्का उपाय हवाच. अस्तराच्या तपासणीत कर्करोग वा त्याची पूर्वखूण असेल तर ही करीत नाहीत. आधीच्या बाळंतपणात गर्भाशयावर उभा छेद घेतला असेल तर भिंत पातळ असते, तेथेही नाही. पाळी बंदच होईल अशी हमी नाही. काहींची बंद होते, पुष्कळांची अगदी थोडी उरते, काहींना फरक पडत नाही. साधारण पाचांतल्या एकीला पुढील काही वर्षांत पुन्हा उपचार करावे लागतात, त्यांत पिशवी काढणेही आले. वय जितके कमी तितकी ही शक्यता अधिक. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या काहींना नंतर दर महिन्यास पोटात कळ येते, कारण आत उरलेल्या थोड्या अस्तराच्या रक्ताला वाट मिळत नाही.

एका बाईने दबक्या आवाजात विचारले, "मग बाईपण संपते का?" हा प्रश्न आम्हांस अपेक्षित होता. बाईपणाची संप्रेरके बीजकोशात तयार होतात, अस्तरात नव्हे. अस्तर जाळले तरी बीजकोश जागच्या जागी असतात, पाळी जाण्याचे वय आपल्या वेळेसच येते. उलट, पिशवीबरोबर तरुणपणीच बीजकोशही काढून टाकले तर मात्र त्याच आठवड्यात म्हातारपण दार ठोठावते. अंगातून वाफा, हाडे ठिसूळ, पुढे हृदयाचीही तक्रार. नुसती पिशवी काढून बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याची लक्षणे काहींना लवकर येतात, असे अभ्यासांत दिसले आहे. धाकटीच्या सासूबाई चाळिशीतच कमरेत वाकल्या, त्यांचे काय काय काढले होते ते घरात आजही कोणास ठाऊक नाही. कागद जपून ठेवलेला नाही.

आमच्यात बसलेल्या एका तेलुगू वहिनींची हकीकत वेगळी होती. त्यांचे अस्तर भिंतीच्या आतच शिरलेले होते, गर्भाशय सुजून मोठे झालेले. गोळ्या झाल्या, संप्रेरकाचा तुकडाही निघून पडला. अशा दुखण्यात वरचे अस्तर जाळून भागत नाही. त्यांनी दोन डॉक्टरांचा सल्ला घेऊन, बीजकोश ठेवून, पिशवी काढली आणि त्या आज सुखात आहेत. "मला कोणी दया दाखवू नका हो," त्या हसून म्हणाल्या, "मी विचारून विचारून काढली आहे." पिशवी काढणे हे पाप नाही. कर्करोगात तर तेच जीव वाचविते. मोठ्या गाठी असतील तर आणखीही एक वाट आहे: मनगटाच्या वा जांघेच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गाठीचे रक्त कोंडायचे, म्हणजे ती सुकते. पॅरिसच्या डॉ. राविना यांनी 1995 साली ही वाट दाखविली. तिच्याविषयी पुन्हा कधी तरी.

धाकटीची मुले मोठी होती, तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले होते, तपासणी निर्दोष होती. पोटात कळ येण्याची शक्यता बाईंनी तिला आधीच सांगितली. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त वर आल्यावर, ऑक्टोबरच्या एका गुरुवारी, मस्कतच्या एका खासगी रुग्णालयात तिचे जाळीचे काम झाले. सोहार ते मस्कत दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. यजमानांनी एका दिवसाची रजा घेतली. शुक्रवार-शनिवार सुट्टीच होती. खर्च विम्यात बसला नाही, बांगड्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. त्या रात्री पोटात पाळीसारखी मुरड आली, गरम पाण्याची पिशवी घेऊन निजली. पुढे तीन आठवडे गुलाबीसर पाणी जात राहिले. त्याला ती घाबरली होती, पण बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. ताप आला, दुर्गंधी आली किंवा वेदना वाढली तरच धावत ये, असे त्यांचे शब्द.

यजमानांस आम्ही एकदा सरळ विचारले, जुलैत आपण होकार कसा दिलात? ते गप्प राहिले, मग म्हणाले, "ताई, कारखान्यात यंत्र बिघडले की आम्ही आधी कोणता भाग बिघडला ते बघतो. सगळे यंत्र भंगारात टाकत नाही. तेव्हा मात्र सुचले नाही. तारीख बसत होती ना." त्यांच्या बोलण्यात लपवालपवी नव्हती, म्हणून येथे लिहिले.

आम्ही तेथे होतो तेव्हा धाकटीची दुसरी पाळी येऊन गेली. तीन दिवस, अगदी थोडी. हिमोग्लोबिन साडेअकरा. हे कायम टिकेल असे तिच्या डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत आणि आम्हीही म्हणत नाही, वर्षभराने कळेल. लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत.

शुक्रवारच्या बैठकीच्या शेवटी बायकांनी फळ्यावरचे पुसू दिले नाही, मोबाईलवर छायाचित्रे घेतली. त्याखाली आम्ही दवाखान्यात विचारण्याचे प्रश्न लिहिले होते. माझ्या रक्तस्रावाचे कारण काय सापडले? अस्तराचा तुकडा तपासला काय, नसेल तर का नाही? गोळ्या किंवा संप्रेरकाचा तुकडा माझ्यासाठी का चालणार नाही? पिशवी काढायचीच असेल तर बीजकोश राहणार की जाणार? आज ठरविले नाही आणि महिनाभर थांबले तर काय बिघडेल? या शेवटच्या प्रश्नाचे नीट उत्तर जेथे मिळत नाही तेथे सही करू नये, असे आमचे मत आहे. प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर रागावले तर रागावोत.

एक गोष्ट मात्र फळ्यावर लिहावयाची राहिली आणि परतीच्या विमानात आठवली. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर ज्यांना पुन्हा रक्त दिसेल, थेंबभर का असेना, त्यांना वरील काहीही लागू नाही. त्यांनी रजेची, सुट्टीची, लग्नसराई सरण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. धाकटीस तसे लगेच कळविले. तिने ते कागदावर लिहून इमारतीच्या जिन्याशी, जेथे पाण्याच्या टाकीचे वेळापत्रक लावतात, तेथे मराठीत आणि शेजारणीकडून तेलुगूत लिहवून लावले आहे. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तिला हाक मारून आत बोलावले.